तपासणी झाली, पण पुढे काय? ‘पिशवीच्या तोंडाचा’ कर्करोग आणि मधल्या वाटेवरची गळती

एचपीव्ही लसीची बातमी आली की दोन-चार दिवस चर्चा रंगते. लस सुरक्षित आहे का, मुलींनाच का, एवढ्या लहान वयात कशाला. मग बातमी मागे पडते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचं कारण आपल्याला माहीत आहे: एचपीव्ही हा विषाणू. त्यावर लस आहे. तो होण्याआधी कितीतरी वर्षं त्याची चाहूल लागू शकते, आणि वेळेवर लागली तर काही मिनिटांच्या उपचारात तो तिथेच थांबवता येतो. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे साडेतीन लाख बायका त्याने गेल्या, आणि त्यांतल्या जवळपास ९४ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. असं का?

या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत शोधून फारसं सापडत नाही. काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना मध्ये जे सांडतं, तिथे ते सापडतं. या लेखात त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी आजार समजून घेऊ

गर्भाशयाचं खालचं अरुंद टोक योनीमार्गात उघडतं. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बायका आपसात बोलताना ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. इथे होणारा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या संसर्गातून सुरू होतो. हे नातं उलगडून दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, पण कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे साधारण डझनभरच. त्यांतही १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि अतिशय सर्रास आढळतो. बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्या जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. या बदललेल्या पेशी म्हणजे कर्करोग नव्हे, त्याची पूर्वअवस्था. तिथून खऱ्या कर्करोगापर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या सहापट असते.

भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप डोळ्यांसमोर आणा. दोन पानांचं असतं तेव्हा चिमटीत धरून उपटता येतं. तसंच राहू दिलं तर काही वर्षांनी मुळं भिंतीत शिरतात, आणि मग झाड काढायचं तर भिंतच पाडावी लागते. या आजाराची गोष्ट तीच आहे, फक्त इथे रोप दिसत नाही. पूर्वअवस्थेत काहीही दुखत नाही, रक्त जात नाही, ताप येत नाही. संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, वास येणारं पाणी जाणं ही लक्षणं दिसू लागतात तोवर अनेकदा मुळं भिंतीत गेलेली असतात.

अडवायच्या तीन जागा

पहिली जागा लस. विषाणूशी गाठ पडायच्या आधी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिली तर तिचा सर्वाधिक उपयोग होतो. दुसरी जागा तपासणी, साधारण तिशीनंतर. तिसरी जागा उपचार. तपासणीत काही सापडलं तर ते काढून टाकणं, आणि कर्करोगच सापडला तर शस्त्रक्रिया, किरणोपचार, वेदनाशमन.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या तिन्हींसाठी २०३० पर्यंतचं लक्ष्य ठरवलं: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा चांगल्या प्रतीची तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. हे साधलं तर पुढच्या काळात हा कर्करोग वर्षाला लाखात चारपेक्षाही कमी स्त्रियांना होईल, असा हिशेब आहे.

यातला शेवटचा ९० मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याच्याबद्दलच. तपासणी केली पण उपचार पोचला नाही, तर आपण त्या बाईला भीतीशिवाय काहीच दिलं नाही.

श्रीमंत देशांची पद्धत तशीच का उचलता येत नाही?

पॅप स्मिअर हे नाव अनेकींनी ऐकलेलं असतं. गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही श्रीमंत देशांनी या तपासणीच्या जोरावर मृत्यू पुष्कळ कमी केले. पण तिला काय काय लागतं ते बघा. नमुना घेणारी प्रशिक्षित व्यक्ती, प्रयोगशाळा, काचपट्ट्या वाचणारे तज्ज्ञ, काही आठवड्यांनी येणारा अहवाल, तो घेऊन बाईने पुन्हा येणं, मग दुर्बिणीतून तपासणी, मग तुकडा काढून तपासणी, मग उपचार. आणि हे सगळं दर काही वर्षांनी. जिथे दवाखान्याला एकदा जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, तिथे ही साखळी पहिल्या दोन कड्यांतच तुटते.

म्हणून शास्त्रज्ञांनी कमी कड्यांच्या साखळ्या शोधल्या.

पहिली साखळी जवळून पाहू. परिचारिका चांगल्या उजेडात गर्भाशयमुख पाहते. कापसाच्या बोळ्याने त्यावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावते. हे जवळपास स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरइतकंच सौम्य असतं. थोडं चुरचुरतं. मग ती घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बदललेल्या असतील तर तिथे कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटतो. संपलं. निकाल त्याच खोलीत, त्याच मिनिटाला. या तपासणीला ‘व्हीआयए’ म्हणतात. तिचं दुबळेपण असं की सगळी भिस्त बघणाऱ्या डोळ्यावर असते. एकीला दिसलेला डाग दुसरीला दिसेलच असं नाही, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ती तितकीशी भरवशाची राहत नाही.

म्हणून २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना दुसऱ्या साखळीला पसंती देते: विषाणूचीच तपासणी, तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. (एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी.) हिची मोठी सोय म्हणजे नमुना बाई स्वतः घेऊ शकते. हातात एक छोटा मऊ ब्रश आणि झाकणाची नळी. पडद्याआड किंवा स्वतःच्या घरी न्हाणीघरात जायचं, ब्रश आत घालून काही वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं. तपासणीच्या टेबलावर पाय फाकून झोपायचं नाही, कुणी बघायचं नाही. चांगली प्रयोगशाळा-पद्धत वापरली तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. लाजेमुळे दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बाईसाठी हा केवढा फरक आहे, हे पुरुष वाचकांनी घरातल्या बायकांना जरूर विचारावं.

उपचाराचंही असंच सोपं रूप निघालं आहे. हातात मावणाऱ्या एका उपकरणाचं टोक १०० अंशांच्या आसपास तापवून २० ते ३० सेकंद त्या जागेवर टेकवतात. भूल देऊन बेशुद्ध करावं लागत नाही, शस्त्रक्रियागृह लागत नाही. पूर्वी यासाठी गोठवण्याची पद्धत असे आणि तिला गॅसचे जड सिलिंडर लागत. ते दुर्गम भागात पोचवणं, भरून आणणं हाच एक उद्योग होता. अर्थात हा उपचार प्रत्येकीला चालत नाही. डाग आतपर्यंत गेला असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल तर मोठ्या रुग्णालयात जावंच लागतं.

ओंजळीतून ओंजळीत

साधनं आहेत, तीही फार महागडी नाहीत. मग अडतं कुठे?

विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी आहे आणि पाणी ओंजळीतून ओंजळीत दिलं जातं आहे, असं समजा. प्रत्येक जण आपल्या परीने जपून देतो, तरी दर वेळी थोडं सांडतंच. आता आकडे घालू. विषाणू सापडलेल्या आणि उपचाराची गरज असलेल्या १०० स्त्रिया आहेत आणि पुढे चार टप्पे आहेत: निकाल कळणं, पुन्हा येणं, पुढची तपासणी, उपचार. प्रत्येक टप्प्यावर आलेल्यांपैकी ८० टक्के पुढे सरकल्या, तर उरतात ८०, मग ६४, मग ५१, मग ४१. कोणत्याही एका टप्प्याकडे बोट दाखवून ‘इथलं काम वाईट’ असं म्हणता येणार नाही. शंभरात ऐंशी वाईट नाही! पण शेवटी निम्म्याहून जास्त बायका उपचाराविना राहिल्या.

ही गळती कुठल्याही एका संस्थेच्या आत होत नाही, दोन संस्थांच्या मधल्या जागेत होते. शिबिर घेणाऱ्यांचं काम तपासणीपाशी संपतं, प्रयोगशाळेचं अहवालापाशी, रुग्णालयाचं दारापाशी. मधली वाट बाईने एकटीने चालायची. भागीदारी या शब्दाचा या विषयातला खरा अर्थ ती मधली वाट कुणाच्या तरी नावावर लिहिणं असा आहे. करारावर किती बोधचिन्हं आहेत याने काही ठरत नाही.

जिथे हे जमलं

अर्जेंटिनाच्या हुहुय प्रांतात २०१२ साली एक प्रयोग झाला. तिथे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आधीपासून होत्या. निम्म्या सेविकांनी नेहमीप्रमाणे बायकांना ‘दवाखान्यात येऊन तपासून घ्या’ असं सांगितलं. उरलेल्या सेविकांनी दारातच स्वतः नमुना घेण्याचं साहित्य पुढे केलं आणि भरलेली नळी स्वतः घेऊन गेल्या. पहिल्या गटात सुमारे २० टक्के बायकांची तपासणी झाली, दुसऱ्या गटात ८६ टक्के. प्रांत तोच, सेविका त्याच यंत्रणेच्या. सांडण्याची एक जागा बुजवली, एवढंच.

झांबियात २००६ पासून वेगळी वाट निघाली. एचआयव्हीच्या उपचारांसाठी उभारलेली केंद्रं, तिथल्या परिचारिका, तिथे नेमाने येणाऱ्या स्त्रिया, हे सगळं आधीच होतं. त्याला ही तपासणी जोडली. परिचारिका गर्भाशयमुखाचा डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढत, शंका आली तर तो तज्ज्ञाला दाखवत, आणि शक्य तेव्हा उपचार त्याच भेटीत करत. फोटो बाईलाही दाखवत. आपल्याच शरीराचा न पाहिलेला भाग पाहिल्यावर ‘उपचार कशाला’ हे वेगळं समजावून सांगायची फारशी गरज उरत नसावी.

भारतातला पुरावा तर साऱ्या जगाने वापरला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, आणि तिच्यामागोमाग दिलेल्या उपचाराने, आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारकानेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना व्हीआयए शिकवलं. दर दोन वर्षांनी तपासणी झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टरच हवा हा हट्ट सोडला की किती दारं उघडतात, ते यातून दिसलं.

लसीच्या बाबतीत रवांडाचं उदाहरण मोठं आहे. २०११ साली तिथल्या सरकारने लस बनवणाऱ्या कंपनीशी करार करून देशभर मोहीम सुरू केली. आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही खाती एकत्र बसली, लस शाळेत दिली, आणि त्या दिवशी शाळेत नसलेल्या मुलींना गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी शोधून काढलं. पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून जास्त मुलींना लस मिळाली. ते ‘शोधून काढणं’ महत्त्वाचं, कारण शाळेत न येणाऱ्या मुलीच बहुधा सगळ्यात गरीब घरच्या असतात. किमतीचा प्रश्नही एकत्र खरेदीने हलला. श्रीमंत देशांत जिची एक मात्रा शंभर डॉलरहून महाग होती, ती लस २०१३ साली ‘गावी’ या लस-आघाडीने गरीब देशांसाठी साडेचार डॉलरला मिळवली.

“पण बाहेरच्या संस्था आमच्यावर प्रयोग करतात!”

हा आक्षेप झटकून टाकू नये. त्यामागे इतिहास आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने सरकारी यंत्रणेसह हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीतले दोष उघड झाले. अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

माझ्या मते यातून दोन गोष्टी एकत्रच घ्यायला हव्यात. लस निर्दोष ठरली, म्हणून पालकांना न विचारणं क्षम्य ठरत नाही. आणि पालकांना विचारलं नाही, म्हणून लस वाईट ठरत नाही. विश्वास तुटायला एक सही पुरते आणि त्याची किंमत पुढच्या मुली मोजतात.

याच घटनेला एक अनपेक्षित शेपूट आहे. त्या वेळी भारतात लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा एक वेगळा अभ्यास चालू होता. त्यातलं लसीकरणही सरकारी आदेशाने थांबलं आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं की एका मात्रेनेही १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं. केनियातल्या तरुण मुलींवरच्या चाचणीतही तसाच निष्कर्ष आला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक मात्राही चालेल असं सांगितलं. (एचआयव्ही असलेल्यांना मात्र किमान दोन, शक्य तर तीन.) एक मात्रा म्हणजे दुसऱ्या फेरीचा खर्च नाही, आणि दुसऱ्या फेरीला न आलेल्या मुलीही नाहीत.

“लसीने मूल होत नाही म्हणतात, मुली बिघडतात म्हणतात”

वंध्यत्वाचा पुरावा नाही. ही लस २००६ पासून जगात कोट्यवधी मुलींना दिली गेली आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखी रिकामी खोळ असते. दंड दुखणं, थोडा ताप, कधी चक्कर, एवढं होऊ शकतं. मुलींच्या वागण्यात लसीमुळे बदल झाल्याचंही अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत २०२४ च्या अभ्यासापर्यंत या कर्करोगाचा एकही रुग्ण सापडला नव्हता.

“विषाणू सापडला म्हणजे नक्की काहीतरी भानगड”

या एका गैरसमजाने किती संसारांत आग लागत असेल! म्हणून स्पष्ट लिहिते. विषाणू सापडणं हा कुणाच्याही चारित्र्याचा दाखला नाही. तो शरीरात कित्येक वर्षं गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या स्त्रीलाही तो होतो. आणि विषाणू सापडलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो. निकाल सांगणाऱ्या व्यक्तीने ही चार वाक्यं निकालाच्या आधी सांगायला हवीत. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

शिबिर जवळ आलं तर काय विचाराल?

महिला मंडळ, शाळा, संस्था चालवणाऱ्यांनी शिबिर ठरवण्याआधी विचारावं: निकाल किती दिवसांत, आणि कोण सांगणार? बंद खोलीत की सगळ्यांसमोर? विषाणू सापडलेल्या बाईला उपचार कुठे, त्याच दिवशी की नंतर? जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार, त्या दिवशी मुलं कोण सांभाळणार? कर्करोगच निघाला तर कोणतं रुग्णालय तिला दाखल करून घ्यायला आधीच तयार आहे? उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासायला बोलावणार कोण? आणि घरच्यांशी बोलायची वेळ आली तर सोबत कोण येईल? यातल्या शेवटच्या कामाला हा उपचार स्वतः घेतलेल्या बाईसारखं कुणी नाही. तिच्या दोन वाक्यांना भिंतीवरच्या भित्तीपत्रकापेक्षा जास्त वजन असतं.

आणि एक नोंदवही मागून बघा. नाव, तारीख, निकाल हे रकाने बहुतेक ठिकाणी भरलेले असतात. त्यांच्या पुढे ‘उपचार झाल्याची तारीख’ असा रकाना आहे का ते पाहा. असेल, तर कोरी घरं मोजा, आणि त्या प्रत्येक घरासमोरच्या बाईकडे या आठवड्यात कोण जाणार ते तिथेच विचारा.